मुका सोमवार

“मुकी आहेस काय गो?” साईनाथ म्हणाला, आणि मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. घडलं ते एवढंच. मुरबाडला कारखान्यांच्या वसाहतीत आमची मसाल्याची कंपनी आहे. हळद, मिरची, गोडा मसाला पाकिटांत भरून बाहेर जातो. दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी पॅकिंगच्या आम्हा बायकांना जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर उभं करतात आणि मागच्या आठवड्यात कोणाचं काय चुकलं ते आमचे इनचार्ज साईनाथ सर वाचून दाखवतात. जिचं चुकलं तिने एक पाऊल पुढे यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही. माझा आवाज मुळातच लहान. देवापुढे म्हणायला तो पुरतो, शेजारणीशी बोलायला पुरतो. त्या सोमवारी मी पुढे आले आणि म्हटलं. सर म्हणाले, ऐकू नाय आलं. मी पुन्हा म्हटलं. मागच्यांना ऐकू जाईल असं बोल. घशात होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून मी तो बाहेर काढला, तर तो मधेच फाटला. पाटावरून पीठ सांडावं तसा माझा आवाज सगळ्यांसमोर सांडला, आणि त्याची मलाच इतकी लाज वाटली की पुढचे शब्द आलेच नाहीत. तेव्हा त्याने ते विचारलं. हसणंही काही मोठं नव्हतं, मिरचीची शिंक आवरताना येतो तेवढाच आवाज. पण तो मला दिवसभर कानात हुळहुळत राहिला, किडा गेल्यासारखा.

सोमवार तसा माझ्या पोटात रविवारी दुपारीच सुरू व्हायचा. तांदूळ निवडता निवडता खडे तसेच राहून जायचे. आमच्या शहापूरकडच्या गावांत लग्नसराईत रविवारी कोणाची ना कोणाची हळद असतेच. मांडवात बायका नाचायच्या, मीही टाळ्या वाजवायची, पण नवरीच्या अंगावरची ती पिवळी हळद बघितली की मला पिवळा पट्टा आठवायचा आणि जेवण नको व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, तुला बाधलंय काहीतरी. बाधलं होतं ते वाराचं नाव होतं. आणि गंमत अशी की तोच माझा उपवासाचा वार. लग्नाआधीपासून मी सोमवार करते. नवरा चांगला मिळावा म्हणून धरले, मिळाला, मग सोडवले नाहीत. महादेवाच्या वाराची मला धडकी भरावी, याचंच जास्त वाईट वाटायचं. पहाटे पिंडीवर पाणी घालताना हात स्थिर नसायचे, आणि पाणी कडेने सांडायचं, आणि मी देवाला म्हणायची, माफ कर, आज माझं लक्ष दुसऱ्याच माणसाकडे आहे.

तो माणूस परका असता तर एवढं लागलं नसतं. साईनाथ माझ्या चुलतभावाचा मुलगा. सरळगावच्या बाजूला माझं माहेर. तिथल्या ओट्यावर ह्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय, ह्याचं नाक पुसलंय, हा तापाने फणफणला तेव्हा वहिनीबरोबर रात्र काढलीय. नोकरीही त्यानेच लावली. पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, इथे आत्या-बित्या नाय हां, इथे सर म्हणायचं. मी म्हटलं, बरं सर. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट पोरगं शिस्तीचं झालं असं वाटलं. पुढे सोमवारमागून सोमवार माझंच नाव पहिलं यायला लागलं. पाकीट वाकडं चिकटलं, गिरजा. वजन उणं भरलं, गिरजा. गेल्या वर्षी एकदा घरी जाताना कंपनीच्या गाडीपाशी मी त्याला हळूच विचारलं की माझंच का रे. तर इकडेतिकडे बघून म्हणाला की तुला बोललो नाय तर बाकीच्या म्हणतील, आपल्या माणसाला सांभाळतो. तुला बोललो की सगळ्या सरळ राहतात. हे त्याने असं सांगितलं, जसं काही मला मान देतोय. मी गाडीत बसले. किन्हवलीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भाताची शेतं पोटरीला आली होती, बाकीच्या बायका शेंगा सोलत गप्पा मारत होत्या, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की ज्याला सांभाळायचं त्याला आधी सगळ्यांसमोर आपटायचं, हे ह्याला कोणी शिकवलं. मी तर नाही.

मुकी म्हणाला त्या दिवशी घरी आले तेव्हा सासूबाई, हौसाबाई त्यांचं नाव, पडवीत वाती वळत बसल्या होत्या. श्रावण तोंडावर आला होता. त्या म्हणाल्या, आता तुमी पोरी काय करत नाय, पण आमी श्रावणात मुका सोमवार धरायचो. दिवसभर उपास आणि संध्याकाळी जेवायला बसलं की पान उचलेपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाय. मी विचारलं, जेवणापुरतंच का? दिवसभर नाही धरत? त्या हसल्या. दिवसभर कोण धरतं गो, ऋषी मुनी. घरात पोरं, गुरं, माणसं. मी त्यांच्या हातातल्या वातींकडे बघत राहिले आणि माझ्या आत एक दार लोटल्यासारखं झालं. मुकी आहेस काय, असं त्याने विचारलं होतं. त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

पहिल्या श्रावण सोमवारी पहाटे पिंडीवर बेल वाहिला, मनात म्हटलं की दिवा लागेपर्यंत बोलणार नाही, आणि कंपनीत गेले. कपाळाला भस्म लावलं होतं. रांगेतल्या शेजारच्या बायकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी पट्ट्यावर उभी राहिले तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. त्याने माझं नाव घेतलं. मी एक पाऊल पुढे आले. तो थांबला. मी दोन्ही हात जोडले आणि त्याच्याकडे बघत राहिले. बोल, तो म्हणाला. मागून कोणीतरी म्हणालं, सर, तिचं मौन आहे, श्रावणाचं. त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि मी ते नीट बघितलं. वरच्या दातांत एका बाजूला फट आहे, लहानपणीही होती. हसावं की ओरडावं ते त्याला कळेना. व्रताला ओरडणार कसा, त्याच्या स्वतःच्या गळ्यात रुद्राक्ष होता. मग त्याने पुढचं नाव वाचलं, आणि मागची एक म्हातारी कामगारीण माझ्या पायांना हात लावून गेली. मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं, उपासाच्या दिवशी, रिकाम्या पोटी. मसाल्याचा खकाणा नाकात जात होता, पोट आवळून आलं होतं, आणि जिभेवर मात्र काहीतरी विरघळत होतं.

तेव्हापासून माझे वार फिरले. शुक्रवारपासूनच मी सोमवारची वाट बघायला लागले. रविवारी हळद नसली तरी नाचावंसं वाटायचं, पदर खोचून. श्रावण सरला, भाद्रपद आला, बाकीच्यांचे उपास सुटले. मी मौन पुढे चालू ठेवलं आणि कोणी विचारलं तर आकाशाकडे बोट दाखवलं. मंगळवार मात्र बेचव जायचा. मंगळवारी मी बोलायची आणि तो बोलायचा आणि सगळं सारखंच व्हायचं. सोमवारी तो माझं नाव गाळायला लागला, आणि गाळताना जो एक श्वास मधे थांबायचा तो मला पट्ट्यावर उभ्या उभ्या ऐकू यायचा. गप्प राहिलं की किती ऐकू येतं. रांगेतली कोण कोणाला चिमटा काढते, कोणाच्या पोटात गुरगुरतं, साहेब लोक फोनवर हळू आवाजात काय बोलतात. कधीकधी पहाटे बेल वाहताना वाटायचं की हे मी कोणाला वाहते आहे. देवाच्या नावाने गप्प राहायचं आणि आत दिवसभर एका माणसाला चघळत बसायचं, याला व्रत म्हणायचं का? मग मी पान पालथं करून वाहायची, बोटाने जागेवर बसवायची, आणि स्वतःशी म्हणायची की उपाशी तर मीच राहते ना. हात आता थरथरत नव्हते. पाणी बरोबर धारेने पडायचं. देवाला चालत नसतं तर हात थरथरला असता, अशी माझी समजूत मी करून घेतली होती.

दिवाळीच्या आधी, भातकापणीच्या दिवसांत, गुरुवारी ते झालं. पाकिटाचं तोंड गरम पट्टीने चिकटवायचं एक यंत्र आहे. त्यावर रुपा होती. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची मुलगी, लग्न होऊन वर्षही नव्हतं झालं. आपसांत त्यांची बोली वेगळी, आमच्याशी बोलताना शब्द शोधत बोलायची. तिचं पाकीट आत अडकलं. साईनाथ माझ्या मागून चालला होता, त्याने बघितलं आणि हाक मारली, “रुपा, आधी बटन बंद कर, मग हात घाल.” मी वजनकाट्यावर होते, तो आणि ती यांच्या मधोमध. मी शब्दन् शब्द ऐकला. तिने ऐकला नाही, पंखे चालू होते, ती पलीकडे बघत होती. तिने हात घातला आणि पट्टी खाली आली. भाजलेल्या कातड्याचा वास मसाल्याच्या वासात मिसळला, त्यामुळे मला अजून जिरं भाजवत नाही. दोन बोटं गेली. मोठ्या ऑफिसात रुपाने सांगितलं की मला कोणी काही सांगितलं नाय, आणि ते खरं होतं. साईनाथने सांगितलं की मी तिला बजावलं होतं, आणि तेही खरं होतं. सोमवारी तिथल्याच हेतल मॅडम चौकशीला येणार असं ठरलं. इनचार्जने यंत्र बंद करायला बजावलं नसेल, तर इनचार्ज घरी जाणार. सांगूनही रुपाने ऐकलं नसेल, तर दोष रुपाचा, मग तिला उपचाराचा खर्चही नाही आणि काम तर नाहीच. एवढं सगळ्यांना माहीत होतं. ऐकणारी मी एकटी होते, हे मात्र त्याला आणि मलाच माहीत होतं.

रविवारी दुपारी तो घरी आला. कितीतरी दिवसांनी. ओट्यावर चप्पल काढून आत येताना दारात वाकला, उंच झालाय. सासूबाईंनी पाणी दिलं. मी तांदूळ निवडत होते, तसंच सूप मांडीवर ठेवून म्हटलं, ये, बस. त्याने इकडचं तिकडचं विचारलं, कापणी कुठवर आली, मामा, म्हणजे माझा नवरा, कुठे गेले. मग बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

“आत्ये, तू ऐकलंस ना? तू काट्यावर होतीस.”

“ऐकलं.”

“मग उद्या मॅडमसमोर तेवढंच बोल. खोटं नाय सांगायला लावत मी तुला.”

“उद्या सोमवार आहे,” मी म्हटलं.

तो हसायला लागला, माझ्याकडे बघून थांबला. एक सोमवार सोड म्हणाला, देव काय एवढ्याने रागवतो काय. देव नाही रागवत, मी म्हटलं, आणि खडा काढून बाजूला टाकला. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या की मग आजच बोलून टाक ना गो, आज कुठे सोमवार हाय, लाव त्या मॅडमला फोन. साईनाथने लगेच खिशातून फोन काढला, नंबर शोधायला लागला, त्याचं बोट काचेवर घसरत होतं. मी सूप खाली ठेवलं.

“फोनवर मला नाय बोलता येत रे,” मी म्हटलं. “माझा आवाज मागच्यांना ऐकू जात नाय.”

त्याने फोन हळूच मांडीवर पालथा घातला.  बाहेर झोडणीचा आवाज येत होता, पेंढी दगडावर आपटते तसा, एक, मग थोडं थांबून दुसरा. मी चहा केला, आलं घालून, त्याला आवडतो तसा. त्याने पिऊन टाकला. निघताना वाकून पाया पडला, आणि माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला, केसांत भुशाचा कण होता तो मी काढला. तोंडाने आशीर्वाद दिला की नाही ते आठवत नाही. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, मुकं धरायचं ते जेवणापुरतं असतं, मी तुला सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं तुम्ही.

सोमवारी चौकशी त्याच हॉलमध्ये झाली. यंत्रं बंद ठेवली होती. यंत्रं बंद असताना ती जागा मी कधी ऐकलीच नव्हती. इतकी शांत की पत्र्यावर कबुतर चाललं तरी कळत होतं. एका टेबलाशी हेतल मॅडम, समोर रुपा हात गुंडाळून, बाजूला साईनाथ, आणि त्याने साक्षीला माझं नाव दिलं म्हणून मी. मॅडमने रुपाला विचारलं, तिने सांगितलं. साईनाथला विचारलं, त्याने सांगितलं, पण इतकं पुटपुटत की मॅडम म्हणाल्या, जरा मोठ्याने बोला, ऐकायला येत नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. कोणीतरी त्यांना माझ्या मौनाचं सांगितलंच होतं. त्या भल्या बाई. खुर्ची पुढे करून म्हणाल्या की बोलू नका ताई, तुमचं व्रत मोडायचं नाही मला, फक्त मान हलवा. ह्यांनी आधी बटन बंद करायला सांगितलं होतं, ते तुम्ही ऐकलंत का?

मानेचा मी विचारच केला नव्हता. मौनाला मान चालते. पाणी हवं का, तर मान हलवायची. गाडी आली का, तर हलवायची. कितीतरी सोमवार मी मानेनेच काढले होते. म्हणजे देव मधे नव्हताच आता. तो बाजूला होऊन उभा होता, बघत. मध्ये होती ती फक्त माझी मान, हाडाचे चार मणके आणि त्यांच्यावर डोकं. साईनाथ माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत तो तापातला मुलगा मला स्पष्ट दिसला, ओल्या फडक्याची वाट बघणारा, आणि तरी माझ्या कानात मागच्या रांगेतलं ते लहानसं हसणं आलं, नाकातून आवरलेलं. मी वहिनीच्या जागी बसून त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलल्या होत्या, मग त्याने मला पट्ट्यावर उभं केलं होतं, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या होत्या आणि एकाच मानेने दोन्हींना उत्तर द्यायचं होतं. रुपाकडे बघितलं. ती खाली बघत होती, पांढऱ्या फडक्याच्या टोकाशी औषधाचा पिवळा डाग पसरला होता. हिच्यासाठी, असं मला म्हणता आलं असतं. सोपं होतं. मी ते मनात म्हणून बघितलं आणि ते माझ्याच कानाला खोटं वाटलं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मान अशी ताठ धरली, जणू डोक्यावर भरलेला हंडा आहे. किती वेळ गेला कोण जाणे. कबुतर पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मग मॅडमचा आवाज आला, असू द्या, ताईंना त्रास देऊ नका. मी डोळे उघडले तेव्हा साईनाथ त्या बंद यंत्राकडे बघत होता.

दुपारी कळलं की त्याने कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि उद्यापासून येऊ नको असं त्याला सांगितलंय. गेटपाशी तो मला दिसला, दुचाकीला किक मारत होता, ती लागत नव्हती. माझ्याकडे बघितलं नाही त्याने. मीही बघितलं नाही असं दाखवलं, पण बघितलं, पूर्ण बघितलं, शेवटी गाडी ढकलत तो सरळगावच्या रस्त्याला लागला तोपर्यंत.

संध्याकाळी आमच्या गाडीत रुपा माझ्या शेजारी येऊन बसली. भाजलेला हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हाताने माझा हात धरून ती शब्द शोधत म्हणाली, “ताय, तू माझ्यासाठी गप राहिलीस ना?” गाडी पुलावर होती, खाली पाणी लाल झालं होतं. बायका आमच्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. सहज हलली. वर, खाली. तिने माझा हात कपाळाला लावला.

घरी आले तेव्हा अंधारून आलं होतं. पाय धुतले, तुळशीपाशी दिवा लावला, देवापुढे लावला. मौन सुटताना तोंडातून पहिलं नाव देवाचं निघायला हवं. ते निघेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नसतं. सासूबाई मागे हात जोडून उभ्या होत्या, दिवसभराची बातमी त्यांना गावातून कळलीच असणार, पण त्यांनी विचारलं नाही. मी डोळे मिटले. शिव म्हणायला ओठ जुळवले. दिवसभर कोंडलेला आवाज वर यायला लागला, आणि आला तो मोठा आला, पडवीत, अंगणात ऐकू जाईल एवढा, कुठेही न फाटता.

“साईनाथ.”

सासूबाईंनी डोळे मिटून शिर्डीकडे तोंड करून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, त्याचंही नाव चांगलंच गो, सगळे देव एकच.  घोटभर पाणी प्याले. पान वाढून घेतलं, वरण-भात, वर तूप, चवळीची भाजी. जीभ पोळली तरी थांबवेना. सासूबाई पुढ्यात बसून नुसत्या बघत होत्या. मी पातेल्यातला भात खरवडून पुन्हा वाढून घेतला, आणि जेवता जेवता त्यांना सांगितलं, नवीन सर येणार आहेत, पुढच्या सोमवारी.